मावशी, तुमचा डबा माझ्याकडेच आहे

गेल्या पावसाळ्यात यजमानांना बेळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. मी व्हरांड्यात चटई टाकून झोपायचे. खानापूरच्या बसने येऊन माझ्यासाठीही डबा आणणाऱ्या मावशी, मी तुमचं नाव कधी विचारलंच नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि तुमचा रोज भिजलेला पदर एवढंच आठवतं. रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचेही आभार.

शेजारच्या खाटेपाशी बसणारे काका, तुम्ही संध्याकाळी मराठीतून शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायचात आणि पलीकडच्या आजींना तेच कन्नडमधून सांगायचात. एकदा योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय निघाला. प्रभू येशू शिष्यांना आपली शांती देऊन ठेवतो, ते २७ वं वचन. तुम्ही म्हणालात, "बाई, हे कधी सांगितलं बघा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री!" मी तोवर समजत होते की शांती म्हणजे सगळं सुरळीत होणं. फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात आनंद करा असं लिहिणारा येशूचा प्रेषित पौल स्वतः बेड्यांत होता, हेही तुमच्याकडूनच कळलं.

यजमान वाचले नाहीत. रडू अजून येतं. पण छातीवरचा धोंडा उतरला तो उतरलाच. रविवारी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन सुरू झालं की मीही गाते, मनापासून गाते. हा आनंद माझ्या प्रभूचा आहे, आणि तो माझ्यापर्यंत तुमच्या हातांनी आला.

मावशी, तुमचा तीन पुडांचा डबा घासून ठेवलाय. या, माझ्या हातची भाकरी खाऊन जा.