अंगणातल्या कोरफडीविषयी

टोरंटो, ३ जून

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "कोरफडीला कसली आलीय कुंडी? अंगणात खोच, आपोआप वाढेल." तेव्हा मी विषय बदलला, कारण गेल्या वर्षी मी नेमके तेच केले होते आणि ते सांगायची लाज वाटत होती.

उन्हाळाभर ती छान फोफावली, बुंध्याशी तीन पिल्लेही आली. ऑक्टोबरमधल्या एका रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी पाने हिरवीगार दिसली म्हणून मी निर्धास्त राहिले. पण ऊन चढले तशी ती काचेसारखी आरपार दिसू लागली आणि दुपारपर्यंत उकडलेल्या दुधीच्या फोडींसारखी लिबलिबीत होऊन आडवी झाली. पानातला गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. ते गोठले की पेशी फाटतात आणि वितळल्यावर हाताला नुसती बुळबुळ लागते. बाबा, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी तुम्ही कौतुकाने वाचून दाखवत होतात. इथे जानेवारीत पारा कधी कधी उणे वीसपर्यंत उतरतो आणि जमीनही गोठते, त्यामुळे मुळांनाही आसरा उरत नाही. मूळची अरबस्तानातली ही वनस्पती दुष्काळ सोसते, हिवाळा नाही.

लेसोथोच्या डोंगरांत बर्फ सोसणारी, चक्राकार पानांची एक कोरफड असते म्हणे. पण आईला केसांसाठी हवी ती ही नव्हे.

एक पिल्लू मी आधीच कुंडीत काढले होते, तेवढे वाचले. इथले लोक मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतरच नाजूक रोपे बाहेर काढतात. मी त्याहून आठवडाभर थांबले, रात्रीचे तापमान दहा अंशांखाली जाईनासे होईपर्यंत. हिवाळाभर खिडकीत राहिलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने तांबूस पडतात, म्हणून पहिले काही दिवस ते मेपलच्या सावलीत राहील. जूनमध्ये इथे पंधरा तासांचा दिवस असतो, त्यामुळे उन्हाची ददात नाही. भीती आहे ती पावसाची. म्हणून भोक असलेली मातीची कुंडी घेतली, मातीत निम्मी जाड वाळू मिसळली, आणि बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घालत नाही. सप्टेंबरच्या मध्याला कुंडी घरात येईल आणि मग महिन्यातून एकदाच पाणी.

सध्या तिला सात पाने आहेत; आई, गर काढायला अजून एक वर्ष तरी थांबावे लागेल. आज रात्री अकरा अंश सांगितले आहेत, म्हणून कुंडी पहिल्यांदाच रात्रभर बाहेर ठेवते आहे. तरी झोपण्यापूर्वी एकदा दार उघडून बघेनच.

तुमची लेक