किलोमीटर कमी, म्हणून ऑइल नवं?

सोलापूर

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "अप्पा, वर्षात गाडी साडेतीन हजारसुद्धा चालली नाही, इंजिनचं ऑइल कशाला बदलू?" तेव्हा दुकानात चादरीचं गिऱ्हाईक होतं, बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

तुझ्या गाडीच्या पुस्तकात 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, 'जे आधी होईल ते' असं लिहिलंय. तू शेवटचे चार शब्द वाचलेच नाहीस. घर ते ऑफिस तुझं चार किलोमीटर. तेवढ्यात ऑइल पुरतं तापतच नाही. मग आत धरलेलं पाणी आणि न जळालेलं पेट्रोल उडून जायचं सोडून त्यातच मुरतं. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर एका दमात आली असती तर बरंचसं निघून गेलं असतं. पण तू येणार दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला, तेही हुतात्मा एक्स्प्रेसने! (टोमणा समज हवं तर.)

चादरी विणायचा माग कोरडा पडला की खडखडून सांगतो. इंजिन तसं लवकर सांगत नाही, म्हणून ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) बघायची. गाडी सपाट जागी बंद करून पाचेक मिनिटं थांब, काडी पुसून पुन्हा घाल, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं तर घाबरू नको, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काडीवर दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलव, आत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गेलेलं असू शकतं.

सोलापूरच्या उन्हाला जाड ऑइल घाला म्हणणारे इथे गल्लोगल्ली आहेत. तू पुस्तकातलाच ग्रेड घाल. फिल्टरही सोबत बदल, जुन्या फिल्टरात घाण ऑइल उरतं.

गिअर ऑइलची एवढी घाई नसते, तुझ्या पुस्तकात 40,000 ला आहे. पण विसरू नको. आपल्या जुन्या व्हॅनचं मी वर्षानुवर्षं बघितलंच नाही. दुसरा गिअर अडायला लागला तरी क्लचलाच दोष देत बसलो, शेवटी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. दादाची गाडी सीव्हीटी (एका प्रकारची ऑटोमॅटिक गिअरची) आहे, त्याला सांग, तिला तिचंच ऑइल लागतं, तुझ्या गाडीचं चालत नाही.

रविवारी गाडी सर्व्हिसला लाव आणि बिलाचा फोटो पाठव. आईने शेंगा चटणी कुटून ठेवलीय, पण पाठवणार नाही म्हणते. गाडी घेऊन ये आणि घेऊन जा.

तुझे अप्पा