प्रोजेक्टाइल लाँचर आणि त्याची चुकीची पुस्तिका यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष प्रोजेक्टाइल लाँचर बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणेबाबत, तसेच पुस्तिकेतील कोष्टक दुरुस्त करणेबाबत

महोदय,

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडून स्प्रिंगने गोळी फेकणारा प्रोजेक्टाइल लाँचर खरेदी केला. रीतसर तीन कोटेशने मागवली होती. आपले सर्वांत स्वस्त नव्हते, तरी कॅटलॉगमध्ये ‘अकरावीच्या प्रयोगांसाठी खास’ असे लिहिलेले पाहून आम्ही आपलीच निवड केली. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आधी यंत्राबद्दल. टेबलाला आवळायचा शिकंजा जेमतेम ३ सेंमी उघडतो. आमच्या प्रयोगशाळेतील टेबलांना लाकडावर कडप्पा बसवलेला आहे, त्यावर तो चढतच नाही. असली टेबले राज्यातल्या कितीतरी शाळांत आहेत. लाँचर बनवणाऱ्याने एखादी तरी प्रयोगशाळा पाहिली असावी अशी अपेक्षा होती. शेवटी फळीवर यंत्र बसवून ती फळी टेबलाला बांधली, पण गोळी सुटताना सगळेच मागे सरकते. परिणामी एकाच खाचेवर (म्हणजे स्प्रिंग तेवढीच दाबून), एकाच कोनात मारलेल्या गोळ्यांचे कार्बन पेपरखालचे ठिपके वीतभर पसरतात. (कार्बन पेपरही आम्हालाच शोधावा लागला. तो हल्ली स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळत नाही, हे कळवून ठेवतो.)

कोन दाखवणारा ओळंबा हा दुसरा प्रकार. स्पिरिट लेव्हल ठेवून नळी अगदी आडवी केली तरी तो ३ अंश दाखवतो. एवढेच असते तर हरकत नव्हती. शून्य त्रुटी (मोजमाप शून्य असतानाच दिसणारा आकडा) वजा करायला आमची मुले व्हर्नियरवरच शिकलेली असतात. पण दोरा पट्टीला घासून अडकतो, त्यामुळे त्रुटी दर वेळी वेगळी येते. असली त्रुटी वजा तरी कशी करायची?

तिसरी गोष्ट धोक्याची आहे. स्प्रिंग तिसऱ्या खाचेत नीट अडकत नाही. टेबलाला नुसता धक्का लागला आणि चाप न ओढता गोळी सुटली, असे वर्गात घडले आहे. १६ मिमीची पोलादी गोळी डोळ्याला लागली तर काय होईल, हे सांगायला नको. खोक्यावरच्या चित्रातील मुलांनी संरक्षक चष्मे घातले आहेत; खोक्यात एकही चष्मा नव्हता. तेव्हापासून आम्ही तिसरी खाच बंद ठेवली आहे.

हे सगळे एकवेळ सुतार, वेल्डर गाठून निभावता आले असते. पत्र लिहायला बसलो ते पुस्तिकेमुळे.

पुस्तिकेतील आकृतीत लाँचर टेबलाच्या काठावर आहे आणि गोळी जमिनीवर पडते आहे. त्याखालचे कोष्टक मात्र सुटण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असतानाचे आहे. सुटण्याचा वेग सेकंदाला ३.५ मीटर धरून त्यात ३० आणि ६० अंशांना १.०८ मीटर, तर ४५ अंशांना १.२५ मीटर पल्ला (गोळी जाते ते आडवे अंतर) दिला आहे, आणि वर ‘४५ अंशांवर गोळी सर्वांत लांब पडते’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. जमीन ९० सेंमी खाली असेल तर हे खरे नाही. त्याच वेगाने गणित करून पाहा : ३० अंशांना सुमारे १.९५ मीटर, ४५ ला १.८६ आणि ६० ला १.४७. सर्वांत लांबचा पल्ला ३३ अंशांच्या आसपास येतो. ३० आणि ६० यांची जोडीही जुळत नाही, कारण ती समपातळीवरच जुळते. लाँचरसमोर त्याच उंचीचे दुसरे टेबल ठेवून गोळी त्यावर पाडा, एवढे एक वाक्य छापले असते तर पुरे होते.

त्यात आपल्या लाँचरची खीळ, म्हणजे नळी जिच्याभोवती फिरते ती, नळीच्या मागच्या टोकाला आहे. २० सेंमीची नळी ६० अंशांवर उचलली की तिचे तोंड १७ सेंमी वर जाते आणि १० सेंमी मागे येते. म्हणजे कोन बदलला की उंचीही नव्याने मोजायची आणि जमिनीवरची आरंभखूणही. पुस्तिका म्हणते, ‘उंची एकदाच मोजावी’. खीळ तोंडाशी असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

याचा वर्गात काय परिणाम झाला तेही सांगतो. मुलांनी प्रयोग केला, आकडे कोष्टकाशी जुळेनात, आणि बऱ्याच जर्नलांत सुबक अक्षरांत १.०८ आणि १.२५ उतरले. म्हणजे समोर जमिनीवर उमटलेला ठिपका खोटा आणि छापील आकडा खरा! रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायची ही सवय मोडण्यात आमची वर्षे जातात, आणि ती लावण्याचे काम आपल्या पुस्तिकेने एका तासिकेत केले. दोन मुलींनी मात्र मोजलेलेच आकडे लिहिले आणि पुस्तक चुकले आहे का, असे विचारले. त्यांच्या वह्यांच्या पानांच्या प्रती सोबत आहेत. आपल्या तांत्रिक विभागाने त्या जरूर वाचाव्यात.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी हा फरक ‘हवेच्या रोधामुळे’ पडतो असे सांगितले. या गोळीचे वस्तुमान सुमारे १७ ग्रॅम आहे. या वेगाला तिच्यावरचा हवेचा रोध तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकाही भरत नाही. शिवाय हवेचा रोध पल्ला कमी करतो. आमच्याकडे तर गोळी कोष्टकापेक्षा कितीतरी पुढे पडते आहे. नंतर दुसऱ्या एकांनी स्प्रिंगला तेल सोडायला सांगितले. तेही करून झाले.

आमच्या मागण्या अशा. लाँचर बदलून द्यावा. नवा देताना खाच पक्की धरते का आणि ओळंबा मोकळा हलतो का, हे तपासून द्यावे. शिकंजा किमान ६ सेंमी उघडणारा असावा. चित्रात दाखवलेले चष्मे द्यावेत. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि यंत्र स्वखर्चाने घेऊन जावे. डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली वस्तू निर्लेखित करण्याची कागदपत्रे आम्ही पाहून घेऊ. कोष्टकाचे शुद्धिपत्रक मात्र फक्त आम्हाला पाठवून चालणार नाही; हे यंत्र जिथे जिथे विकले आहे त्या प्रत्येक शाळेला ते गेले पाहिजे, आणि तिसऱ्या खाचेबाबतची सूचनाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवू आणि पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दाद मागण्याचा विचार करू. दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक लागले आहे, तेव्हा उत्तर त्याआधी आले तर बरे.

कळावे,

आपला,
भौतिकशास्त्र शिक्षक
कनिष्ठ महाविद्यालय, जि. सातारा

सोबत : बिलाची प्रत, यंत्राची छायाचित्रे, पुस्तिकेतील संबंधित पान, जर्नलमधील पानांच्या प्रती