चि. अनघास पत्र : निघायचा निरोप येईल तेव्हा

॥ श्री ॥

कराड, गुरुवार

चि. अनघा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन मध्येच तुटला, पण तुटण्याआधीचे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आले. तुमच्या वैद्यकीय पथकातल्या निम्म्या लोकांना मागे बोलावले आहे, तुलाही विचारले होते, आणि भूल देणारे दुसरे कोणी तिथे नसल्यामुळे तू थांबते असे कळवून टाकलेस. तुझी आई त्यावर काही बोलली नाही. सुलूआत्याकडे तिने त्याच संध्याकाळी फोन केला आणि तासभर फक्त लोणच्याच्या कैऱ्यांविषयी बोलली, यावरून तू काय ते समज. परत येण्याविषयी या पत्रात अवाक्षर काढणार नाही, असा शब्द तिने माझ्याकडून घेतला आहे. तेव्हा जाण्यापूर्वी तू आम्हाला जो चित्रपट बघायला सांगितला होतास, तो आम्ही अखेर पाहिला, त्याविषयीच लिहितो. पत्र प्रमोद फोटो काढून पाठवील.

‘अ कॉल टु स्पाय’ लावला तेव्हा आईचे निम्मे लक्ष आपल्या पुण्याची राधिका आपटे इंग्रजीत कशी बोलते याकडे होते. अर्ध्या तासाने तिने विणकाम खाली ठेवले. मला स्वतःला चित्रपटापेक्षा त्यातल्या, दुसऱ्या महायुद्धात हेरगिरी करणाऱ्या बायकांची खरी हकीकत अधिक ओढून घेऊ लागली, आणि गेले काही दिवस मी नगरवाचनालयातून आणि प्रमोदच्या संगणकावरून मिळेल ते वाचत आहे. पडद्यावर व्हर्जिनिया हॉल आणि नूर इनायत खान यांच्या कथा एकत्र गुंफल्या आहेत. प्रत्यक्षात हॉल नोव्हेंबर 1942 मध्येच फ्रान्समधून निसटली होती आणि नूर तिथे उतरली जून 1943 मध्ये. मला ही तफावत महत्त्वाची वाटते, कारण दोघींतला सगळा फरक तिथेच आहे. पण त्याकडे नंतर येतो.

नूरचे घराणे बडोद्याचे, हे तुला ठाऊक होते का? तिचे वडील इनायत खान तिथलेच, आणि त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1886 मध्ये गायनशाळा काढली. नूरचा जन्म मॉस्कोचा, बालपण पॅरिसजवळच्या सुरेनचे. वीणा वाजवणारी, जातककथा मुलांसाठी इंग्रजीत लिहिणारी ही मुलगी जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा घरच्यांबरोबर इंग्लंडला गेली, तिथे हवाई दलाच्या महिला शाखेत बिनतारी संदेश पाठवायला शिकली आणि तिथून स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या ब्रिटिश गुप्त खात्याने तिला उचलले. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या अहवालात शेरा मारला की हिच्यावर बुद्धीचा फारसा भार पडलेला नाही. तिचा वरिष्ठ बकमास्टर चिडला आणि त्याने समासात लिहिले की बुद्धीच्या भाराने वाकलेली माणसे आम्हाला नकोच आहेत. नोकरीत असे शेरे मी पुष्कळ वाचले आहेत आणि मारणारेही पाहिले आहेत, त्यामुळे हा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवला.

तिला फ्रान्समध्ये उतरवले 16 जूनच्या रात्री, लायसँडर जातीच्या छोट्या विमानातून. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये बिनतारी यंत्र चालवण्यासाठी पाठवलेली ती पहिली स्त्री. यंत्र सुटकेसमध्ये मावणारे, पण वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि ऐकण्या-पाठवण्यासाठी बाहेर लांबलचक तार ताणावी लागे. जर्मनांच्या गाड्या लहरींचा माग काढत गल्लोगल्ली फिरत, म्हणून एका जागेवरून फार वेळ संदेश पाठवणे म्हणजे स्वतःचा पत्ता त्यांच्या हाती देणे. अशा माणसाचे तिथले आयुष्य सहा आठवडे धरत असत. ती पोचून पुरते दहा दिवस झाले नव्हते तोच तिच्या हेरजाळ्याचा प्रमुख पकडला गेला आणि पाठोपाठ माणसांमागून माणसे धरली जाऊ लागली. लंडनने तिला परत ये म्हणून कळवले. तिने नकार दिला. पॅरिसहून लंडनशी बोलणारे आता आपलेच एक यंत्र उरले आहे, आपल्या जागी कोणी आल्याखेरीज आपण हलणार नाही, हे तिचे उत्तर.

हे वाक्य आले तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले आणि मी चष्मा पुसू लागलो. तूही अगदी हेच म्हणालीस, फक्त यंत्राच्या जागी भुलेचे यंत्र. मला तुझा राग यायला हवा होता, पण प्रथम जे आले ते वेगळेच होते. आपल्या घरात या गोष्टीचा उगम कुठे आहे हे मला माहीत आहे.

11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची पहाट तू आजीच्या तोंडून ऐकली असशील. माझ्याकडून कधी ऐकली नाहीस. मी नऊ वर्षांचा होतो. शनिवार पेठेतल्या घराची मागची भिंत अंगणात उतरली, आम्ही सगळे गोधड्या गुंडाळून बाहेर थंडीत उभे राहिलो, सुलू आजीच्या कडेवर. आणि आमचे वडील, नाना, घोंगडी खांद्यावर टाकून तारघराकडे चालू लागले. आजीने त्यांना हाक मारली नाही. कोयनानगर पडले आहे, माणसे दगडमातीखाली आहेत, ही बातमी तारांवरून येत होती आणि पुढे जात होती, आणि ती घेणारे-देणारे बोट तारघरात हवे होते. दोन-तीन दिवसांनी ते घरी आले ते दाढी वाढलेले, आणि जेवताना त्यांचे तर्जनीचे बोट ताटाच्या कडेवर आपोआप वाजत होते. आजीने ते ताट हलकेच पुढे ओढले. नानांना तारखात्याने शाबासकीचे पत्र दिले. ते फ्रेम करून लावायला आजीने भिंतीवर जागा दिली नाही. मला त्या वेळी आजीची बाजू पटत होती आणि नानांचा अभिमान वाटत होता. दोन्ही अजून तसेच आहे.

पुढे मी त्याच खात्यात लागलो आणि तारयंत्राची कळ हातात धरल्यावर मला नानांचे बरेच काही उमगले. कट्ट-कडकट्ट बाहेरच्या माणसाला सगळी सारखी वाटते, पण प्रत्येकाचा हात निराळा असतो : कोणी लांब ठोका अंमळ अधिक लांबवतो, कोणाचे दोन ठोके एकमेकांना चिकटतात. चिपळूणच्या तारमास्तरांना नानांनी आयुष्यात पाहिले नव्हते, पण एका सकाळी पलीकडून तार येऊ लागताच मजकूर उतरवून झाल्यावर त्यांनी उलट विचारले, तब्येत बरी नाही का? त्या गृहस्थांना रात्रभर ताप होता. कळेवरचा हात जड झालेला नानांना चौथ्या-पाचव्या शब्दाला समजला होता.

म्हणूनच फ्रान्समधल्या त्या प्रकरणातली एक गोष्ट मला सहन होत नाही. हे हेर संदेशात ठरलेल्या ठिकाणी मुद्दाम एक चूक करीत. ती चूक आली तर माणूस मोकळा आहे, नाही आली तर तो शत्रूच्या हाती लागला आहे असे समजायचे. नूरच्याच जाळ्यातला गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेला. त्याच्या नावाने जो संदेश गेला त्यात ती खूण नव्हती. आणि लंडनने काय केले, तर तू खूण घालायला विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे, म्हणून त्यालाच दटावले! पलीकडे जर्मन बसलेले. नानांनी असा माणूस कळेजवळ बसू दिला नसता. नूर ऑक्टोबरमध्ये, तिच्या परतीची व्यवस्था होत असतानाच, फितुरीने पकडली गेली. पाठवलेले संदेश तिने वहीत जपून ठेवले होते, ते जर्मनांच्या हाती पडले, आणि तिचे यंत्र तेच चालवू लागले. त्या संदेशांवर विसंबून फेब्रुवारी 1944 मध्ये लंडनने विमानातून माणसे उतरवली ती थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, पुढ्यात. त्यांत मादलेन दामेरमाँ ही मुलगी होती. नूरने पॅरिसच्या कैदेतून दोनदा पळण्याचा प्रयत्न केला, पुन्हा पळणार नाही असे लिहून द्यायला नकार दिला, म्हणून तिला जर्मनीत फॉर्त्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडात ठेवले. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला, दामेरमाँला आणि आणखी दोघींना गोळ्या घातल्या. या खात्याच्या फ्रेंच विभागाने 39 स्त्रिया पाठवल्या होत्या. त्यांतल्या 13 परतल्या नाहीत.

ती ऑगस्टमध्ये निघाली असती तर? मला माहीत आहे, तू म्हणशील की मग त्या उन्हाळ्यातले संदेश कोणी पाठवले असते; ज्यांना पैसे, शस्त्रे आणि सुटकेची वाट हवी होती त्यांचे काय झाले असते. हा प्रश्न मला नानांच्या बाबतीतही सोडवता आलेला नाही. परंतु तुला शिकवलेल्या लोकांनीच तुला हेही शिकवले असेल की थकलेल्या डॉक्टरच्या हातून औषधाचे माप चुकते, सलग रात्री जागून काढणे हा पराक्रम नव्हे, आणि पथकप्रमुखाला तुमच्यापेक्षा रस्त्याची बातमी अधिक असते, म्हणून त्याने निघा म्हटल्यावर वाद न घालता पिशवी उचलावी. बघ, शब्द मोडला. शिवाय व्याख्यान झाले. तुला माझी व्याख्याने औंधच्या प्रकरणापासून पाठ आहेत. क्षमा कर आणि हा परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवू नकोस.

मला तुला खरे तर व्हर्जिनिया हॉलविषयी सांगायचे आहे. ही अमेरिकन बाई. 1933 मध्ये तुर्कस्तानात शिकारीला गेली असता स्वतःच्याच बंदुकीचा बार लागून डावा पाय गुडघ्याखाली गेला. लाकडी पायाला तिने कथबर्ट असे नाव ठेवले होते. त्या पायानिशी ती 1941 पासून लियाँमध्ये बातमीदार म्हणून वावरली, पळालेल्या वैमानिकांना आणि हेरांना लपवले, तुरुंगातून माणसे सोडवण्याची कटकारस्थाने केली. नोव्हेंबर 1942 मध्ये दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि जर्मन आता दक्षिण फ्रान्सही व्यापणार हे उघड झाले. ती लगेच निघाली. तिच्यावर अवलंबून असलेली माणसे मागे होती. त्यांतली काही पुढे पकडली गेली, हेही लपवत नाही. हिवाळ्यात पिरेनीज पर्वत तिने पायी ओलांडला. वाटेतून तिने लंडनला कळवले की कथबर्ट त्रास देणार नाही अशी आशा आहे. कथबर्ट कोण हे न कळलेल्या कोणा अधिकाऱ्याने उत्तर दिले की त्रास देत असेल तर त्याचा काटा काढा. आई इथे मोकळेपणाने हसली, पुष्कळ दिवसांनी.

आणि 1944 मध्ये तीच बाई नावेतून ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पुन्हा उतरली, केस रंगवून, म्हातारीच्या वेषात, कारण जर्मन एका लंगड्या बाईच्या शोधात होते. ओत-ल्वार भागातल्या तरुणांना तिने शस्त्रे मिळवून दिली, पूल उडवले. निघून गेली होती म्हणूनच तिला पुन्हा येता आले. नूरची मूर्ती लंडनच्या गॉर्डन चौकात आहे, तिला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मिळाला तो मरणोत्तर. मी तिला नमस्कार करतो. पण माझी मुलगी कोणासारखी व्हावी असे मला विचारलेस तर मी हॉलचे नाव घेईन, आणि यात बापाचा स्वार्थ आहे हेही लिहून देतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला रात्री झोपू देत नाही. जाण्यापूर्वी नूरने खात्यातल्या अधिकारी व्हेरा अॅटकिन्स हिला सांगून ठेवले होते की आईला अधूनमधून खुशालीचे पत्र टाकत जा. मी मेले याची पुरती खात्री होईपर्यंत तिला वाईट काही कळवू नका. त्याप्रमाणे पत्रे जात राहिली. तुझे रोजचे ‘मी मजेत, जेवले’ हे संदेश वाचताना हल्ली माझ्या मनात नको ते येते. तेव्हा आपण एक खूण ठरवू. आईला शुद्धलेखनाचे घेणेदेणे नाही आणि माझ्या चुका काढण्याच्या सवयीला तू कंटाळलेली आहेस, म्हणून तुला हे आवडेल : खरोखर मजेत असशील त्या दिवशी ‘खुशाल’ मधला शु दीर्घ लिही. एरवी बरोबर लिही. बरोबर लिहिलेला शब्द आला तर मी तुला दटावणार नाही, प्रमोदला घेऊन तुमच्या दिल्लीच्या कार्यालयात जाऊन बसेन.

भुलेच्या दुसऱ्या डॉक्टरांना व्हिसा मिळाला का ते कळव. ते पोचले की तुझी थांबण्याची सबब संपते, असे मी धरून चाललो आहे.

तुझा,
बाबा

ता. क. आईने वाचले. ती म्हणते, मेतकूट संपले असेल तर सांग, आणि तापाच्या गोळ्या चुकवू नकोस. परत येण्याविषयी मी सात ओळी खोडाव्यात असेही तिने सुचवले होते. मग तिनेच म्हटले, राहू देत.