रात्रपाळीवाल्यांच्या दुपारचं काय?

महोदय,

‘दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका’ हा उन्हाळ्यातला सल्ला योग्यच आहे. पण नागपुरात बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत, कोराडीच्या वीज केंद्रात किंवा मेडिकल-मेयो रुग्णालयांच्या वॉर्डात रात्र जागून आलेला माणूस त्या वेळी घरातच झोपलेला असतो. वरच्या मजल्यावर राहत असेल, तर त्याला धोका घरातच आहे.

स्लॅब रात्रभर निवत जातो, म्हणून सकाळी सातच्या सुमारास खोली त्यातल्या त्यात थंड असते. दुपारी तापलेला स्लॅब मात्र संध्याकाळपर्यंत खाली उष्णता टाकत राहतो. त्यामुळे घरी आल्यावर इतर कामं काढत बसू नये. आंघोळ, हलकं खाणं आणि लगेच झोप. गच्चीला पांढरा चुना मारला, तर फरक जाणवतो.

कूलर असूनही झोप लागत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुतेकदा एकच: अंधारासाठी सगळी दारं-खिडक्या बंद केलेली असतात. ओली हवा बाहेर पडायला वाट नसली, की तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी आणि जाड काळा पडदा तिच्यापासून वीतभर अलीकडे टांगावा. अंधारही राहतो, हवाही निघते. दुसरी गोष्ट ताट्यांची, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाड थरांची. बोअरच्या पाण्याचे क्षार वरच्या पन्हळीची भोकं बुजवतात, मग ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि तिथून सरळ गरम हवा आत येते. खराट्याच्या काडीने भोकं मोकळी करावीत. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. टाकी भर दुपारी संपते, म्हणून घरातल्या कुणीतरी अकराच्या सुमारास भरावी, तीही प्लग काढूनच. ओल्या हाताने चालू कूलरला हात लावून दरवर्षी जीव जातात.

पाळीत तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवू नये, मीठ जास्त होतं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पहाटे तीननंतरचा चहा सकाळची झोप मोडतो. बोलणं असंबद्ध झालं आणि अंग तापलं, तर तो नुसता थकवा समजू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

महापालिकेच्या उष्माघात कृती आराखड्यात दिवसा झोपणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना हव्यात. मालकांनी एप्रिल-मे महिन्यांत रात्रपाळीला जोडून ओव्हरटाइम देऊ नये. आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायचीच असेल, तर ते काम सकाळी नऊच्या आत उरकावं. ४५ अंशांत कूलर तीन तास बंद राहिला, तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, आणि त्याच माणसाला रात्री पुन्हा मशीनसमोर उभं राहायचं असतं.

– एक वाचक, नागपूर