लेकरं आमची, तुम्ही कोण?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलात दोन दिवसाची कार्यशाळा झाली, विषय होता बालहक्कांवरचा जागतिक पुशबॅक आणि आपली ॲडव्होकसी (म्हणजे हक्कासाठीचा पाठपुरावा) स्ट्रॅटेजी. मी रिटायर झेडपी बाई, गावच्या बाल संरक्षण समितीवर आहे म्हणून मलाही बोलावणं आलं. दोन दिवस एसीत बसून पीपीटी बघितल्या, जेवण झकास होतं, खोटं कशाला बोलू. पण पुशबॅक म्हणजे नेमकं काय हे कळायला चहाच्या सुट्टीची वाट बघावी लागली. शेजारी आमच्याच भागातली एक अंगणवाडी ताई बसलेली, ती म्हणली, "ओ बाई, उलटा रेटा म्हणायलेत ते. आपण पुढं ढकलायलो तर समोरून कुणीतरी माघारी लोटायलंय." मग डोक्यात बसलं. पुढं दिवसभर आम्ही दोघी रेटाच म्हणत राहिलो, पीपीटीवाले पुशबॅक म्हणत राहिले.

तिथं जी माहिती मिळाली ती मात्र खरंच हादरवणारी होती, आणि आपल्या पेपरात यातलं फारसं येत नाही म्हणून लिहिते. आफ्रिकेत गांबिया नावाचा चिमुकला देश आहे, तिथं पोरींची सुंता करायला २०१५ मध्ये कायद्यानं बंदी आली. आठ वर्षं गेली, २०२३ मध्ये पहिल्यांदाच तीन बायकांना दंड झाला तर एका धर्मगुरूनं तो स्वतः भरला आणि तिथून बंदीच उठवा अशी मोहीम निघाली. मार्च २०२४ ला संसदेत ते बिल पुढं न्यायचं का यावर मतदान झालं, ४२ विरुद्ध ४! फक्त चार जण विरोधात. आता संपलं असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण ज्यांनी हे अंगावर सोसलं होतं त्या बायका उभ्या राहिल्या, स्वतःचं दुखणं चारचौघात बोलल्या, आणि जुलैत त्याच संसदेनं ते बिल फेटाळलं.

सगळीकडं असं झालं नाही. इराकमध्ये जानेवारी २०२५ ला १९५९ च्या कायद्यात बदल करून लग्नाच्या बाबी पंथाच्या नियमानं ठरवायची वाट मोकळी केली, तिथल्या बायका ओरडून सांगायलेत की याच्यातून नऊ वर्षाच्या पोरीच्या लग्नाला दार उघडतं. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढं पोरींना शाळाच नाही. आणि आपण ज्यांना लई पुढारलेले समजतो त्या अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यानं २०२३ मध्ये १६ वर्षाखालच्या लेकराला कामावर घ्यायला लागणारा, वय तपासून मिळणारा सरकारी परवानाच काढून टाकला, का तर म्हणे आईबापाला उगं त्रास होतो.

देश वेगळे, धर्म वेगळे, पण बारकाईनं बघितलं तर वाक्य सगळीकडं एकच आहे. लेकरं आमची, तुम्ही कोण?

हे वाक्य मी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत नाही ऐकलं, माझ्या शाळेच्या ऑफिसात ऐकलंय.

मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट, दुसरी लाट नुकती ओसरली होती. दसऱ्याच्या आठवड्यात ऊसतोडीला जाणारा एक बाप आला. मुलगी आठवीत, तेरा वर्षाची, गणितात हुशार, पाढे म्हणताना डोळे मिटून म्हणायची. त्याला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल पाहिजे होती आणि जन्मतारीख बदलून पाहिजे होती. लाल कापडी बांधणीचं जनरल रजिस्टर टेबलावरच होतं, त्याच्याकडं बोट दाखवून म्हणला, "बाई, एका आकड्याचा तर प्रश्न हाय." मी नाही म्हणले, कायदा सांगितला, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच असतात हे सांगितलं, जेल होते हे पण सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणला, "लेकरू माझं हाय, तुमचा कायदा तिला भाकर घालायला येणार का?" आणि मग जरा वेळ थांबून, आवाज खाली आणून म्हणला, "मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतलीय मी. आम्ही दोघं ऊस तोडायला कोयत्यावर जाणार, म्हातारी कोरोनात गेली. पोरगी गावात एकटी ठेवू का फडावरच्या झोपडीत, कोपीवर एकटी ठेवू? तुम्ही ठेवता का तुमच्या घरी?"

मी गप बसले, साहेब. खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं. हंगामी वसतिगृहाची (आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरांना गावातच ठेवायची सोय) मंजुरी त्या वर्षी डिसेंबरात आली, तोवर गावातल्या ऊसतोडीच्या टायरगाड्या कधीच्या निघून गेल्या होत्या. लग्न दुसऱ्या जिल्ह्यात पहाटे लागलं, आम्हाला कळलं तेव्हा पोरगी सासरच्या गाडीवर होती. पटावर नाव होतं, बाकावर लेकरू नव्हतं. दोन वर्षांनी हीच अंगणवाडी ताई मला म्हणली, "बाई, तुमची ती पाढेवाली पोरगी माघारी आलीय माहेरी. माझ्या रजिस्टरला नाव लागलं तिचं, गरोदर मातांत."

म्हणून मला वाटतं की रेट्याबद्दल बोलताना एक मोठी गल्लत होते. दोन प्रकारची माणसं आपण एकाच पोत्यात घालायलोत. एक ज्यांना लेकराच्या हक्कानं तोटा होतो, म्हणजे ज्याला स्वस्तात हात पाहिजेत, ज्याला पोरींनी शिकून तोंड वर केलेलं चालत नाही, ज्याला त्यावर मतं गोळा करायचीत. आणि दुसरा हा बाप, ज्याच्यापुढं दुसरी वाटच नाही. वाक्य दोघांचं सारखंच, "लेकरं आमची". पहिल्याला कोर्टात आणि सभागृहात गाठावं लागतं. दुसऱ्याला वसतिगृह द्यावं लागतं, ते पण टायमावर. दुसऱ्याला पोलिसाची भीती घातली की तो सरळ पहिल्याच्या मागं जाऊन उभा राहतो, आणि मग आपण म्हणतो बघा समाज कसा विरोधात गेला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ च्या आकड्यानं परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांत ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं, बीडला ४३.७ टक्के. राज्याचा आकडा २१.९ आहे. एवढे सगळे आईबाप कसाई आहेत का?

आणि हे सगळं फॉरेनचं खूळ आहे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की बालहक्कांचा करारनामा संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर केला आणि भारतानं तो डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला, हे खरं. (अमेरिकेनं नुसती सही केली, मान्यता आजवर दिली नाही, मग हे अमेरिकेचं कारस्थान कसं?) पण त्याच्या कितीतरी आधी, १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढं महात्मा फुल्यांनी बारा वर्षापर्यंतच्या लेकरांना सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते करून दाखवलं. रेटा पण तेव्हापासूनचाच. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, म्हणजे शरीरसंबंधाला पोरीचं कमीत कमी वय ठरवणारा, वय किती तर दहावरून बारा करायचं होतं, त्याच्यावरून पुण्यात केवढं रान उठलं, आगरकर एका बाजूला आणि सरकारनं आमच्या घरात लुडबूड करू नये म्हणणारे टिळक दुसऱ्या बाजूला. टिळक मोठेच होते, पण त्या बाबतीत चुकले असं मी वर्गातही सांगायचे, एकदोघा पालकांना राग यायचा.

शिवाय करारनामा आईबापाच्या विरोधात आहे हे पण धादांत खोटं आहे. त्याचं १८ वं कलम म्हणतं की लेकराला वाढवायची पहिली जबाबदारी आईबापाचीच, आणि त्यांना त्यासाठी मदत करणं हे सरकारचं काम. म्हणजे ऑफिसात त्या बापानं मला जे विचारलं होतं ते कलम १८ च होतं की ओ! त्याला कलम माहीत नव्हतं आणि मला माहीत असून सुचलं नाही.

रेटा दर वेळी धर्माच्या नावानंच येतो असंही नाही, साध्या राजपत्रातून पण येतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. गरिबाच्या लेकराचा हक्क एका कागदानं गेला. पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या, मे महिन्यात स्थगिती आली, १९ जुलैला अधिसूचना रद्द झाली आणि सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं. याला म्हणतात ॲडव्होकसी. पण तोवर जूनची शाळा सुरू होऊन गेली होती, लेकरांचं वर्ष हायकोर्टाच्या तारखांवर चालत नाही.

कार्यशाळेत शेवटच्या दिवशी गटचर्चा झाली तेव्हा मी उठून एवढंच म्हणले की तुमच्या स्ट्रॅटेजीत कॅलेंडर कुठंय? मराठवाड्यात लेकराचा हक्क दसरा ते दिवाळी या वीस दिवसात जातो. नंतर जानेवारीत रॅली काढा, टोप्या वाटा, शपथा घ्या, पोरगी तोवर फडात मोळ्या बांधायलीय. आमच्या गावात आम्ही काय केलं ते सांगितलं. समितीच्या सहा बाया ऑगस्टपासून घरोघर फिरल्या, कुणाची उचल झाली, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाच्या नाही, अशी वहीत यादी केली. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडला की वसतिगृह गाड्या निघायच्या आत सुरू झालं पाहिजे. मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा ठेकेदार, उठून म्हणला, लेकरं गावात ठेवली तर बाया फडावरून सारख्या गावाकडं पळतात, कामाचा खोळंबा होतो. त्याच्यावर एक बाई, जिनं आयुष्यात ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, ती पदर खोचून म्हणली, "मला लग्नाला उभं केलं तवा मी बारा वर्षाची होते. माझ्या पोरीच्या लग्नाचं बोलायचं नाही." सभा चिडीचूप झाली. मी तीस वर्षं कायदा सांगितला, एवढी शांतता कधी पडली नव्हती. गांबियात काय झालं असंल ते मला तिथं कळलं.

त्या वर्षी वसतिगृह दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी सुरू झालं. पंधरा लेकरं राहिली. ठरलेली दोन लग्नं पुढं ढकलली गेली, मोडली नाहीत, हे पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं सुधारलं. त्यातली एक पोरगी सध्या दहावीला आहे आणि सोयरीक अजून टांगती आहे.

पैशाचं म्हणाल तर तो पण आटायलाय. अमेरिकेनं २०२५ मध्ये परदेशी मदत देणारी आपली सरकारी संस्था युएसएडच बंद केली, ब्रिटननं मदतीला कात्री लावली, मोठ्या संस्थांचे प्रकल्प गुंडाळायला लागलेत. ज्या संस्थेनं आम्हाला बोलावलं होतं तिथल्याच एका पोराचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपायलंय म्हणे. वाईट वाटलं. पण आमच्या सहा बायांना कुणी पगार देत नव्हतं आणि देत नाही, वहीसुद्धा मीच आणली होती तीस रुपयाची.

तुमच्याकडं एक मागणं आहे साहेब. पेपरात दरवर्षी गाळप हंगामाची बातमी येते, कोणत्या साखर कारखान्याचा बॉयलर कधी पेटला, किती टन गाळलं, उतारा किती. त्याच पानावर बीड, धाराशिव, जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांचा तालुकावार एक छोटा तक्ता छापा, मंजूर हंगामी वसतिगृहं किती, प्रत्यक्षात सुरू किती, सुरू झाल्याची तारीख काय. आकडे शिक्षण विभागाकडं असतात, बातमीदारानं मागितले तर मिळतात, आम्ही मागितले तर अर्ज करा म्हणतात. फक्त दसऱ्याच्या आधी छापा.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका,
धारूर तालुका, जि. बीड