तिसऱ्या चाकाने कोणाचे काय बिघडते?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'खरा सायकलस्वार कसा ओळखावा' हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटले, आपल्याच वाचण्यात काही चूक होते आहे. दुसऱ्यांदा खात्री पटली. स्टँड काढून टाका, मडगार्ड काढून टाका, कॅरियर तर दिसताच कामा नये, बॅटरीची सायकल म्हणजे लबाडी, आणि तासाला २५ किलोमीटरच्या आत चालवणारा तो नुसता हवा खायला निघालेला! लेखकाने हे मनापासून लिहिले आहे हे दिसते. उत्तरही मनापासूनच देतो.

माझ्या पत्नीला आतल्या कानाचा विकार आहे. मान पटकन वळवली की भोवंड येते. त्यामुळे दोन चाकांची सायकल तिला सोडावी लागली. गेल्या वर्षी तिने मोठ्या माणसांची तीनचाकी घेतली, मागे टोपली असलेली. तीनचाकी म्हणजे पोरखेळ असे ज्यांना वाटते त्यांनी ती एकदा चालवून पाहावी. दुचाकी वळणावर आपल्याबरोबर झुकते, ही झुकत नाही. अंग आपणच आतल्या बाजूला टाकावे लागते, नाहीतर आतले मागचे चाक जमीन सोडते. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे ती सारखी कडेला ओढ घेते आणि हँडल धरून धरून एक दंड भरून येतो. सुरुवातीला जुन्या सवयीने पत्नी वळायच्या आधी तोल सांभाळायला जायची आणि थेट कुंपणाला जाऊन टेकायची. दीड महिना रोज पहाटे सराव केला. ज्या दिवशी न थांबता सहा किलोमीटर जाऊन आली, त्या दिवशी घरात पाऊल टाकण्याआधी दारातच उभी राहून तिने मला एकेक वळण सांगितले.

मग एका सायकल गटाची सूचना वाचनात आली. 'सर्वांचे स्वागत' असे त्यांनीच लिहिले होते. रविवारी पावणेसहाला आम्ही दोघे गेलो. वीस-बावीस सायकली होत्या. गटाच्या प्रमुखाने तिची सायकल पुढून पाहिली, मागे जाऊन टोपली पाहिली आणि म्हणाला, "काकू, ही राइड सायकलींची आहे हो." दोघे-तिघे हसले. एका मुलाने हळूच म्हटले, "मागून या ना, कोणी काही म्हणणार नाही." मागून या! तिने मान हलवली, त्यांना पुढे जाऊ दिले आणि शेवटचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही, ते मला आजही खुपते. तेव्हापासून ती सायकल जिन्याखाली आहे, वर जुनी चादर टाकून. अकरा आठवडे झाले.

आणि काल आपण तोच प्रकार पानभर छापलात.

लेखकाला सायकलीच्या परंपरेचा मोठा अभिमान दिसतो. मग ती परंपरा नीट माहीत करून घ्यावी. ब्रिटनमध्ये १८७८ साली 'बायसिकल टूरिंग क्लब' निघाला. नावातच दोन चाके, म्हणजे तीनचाकीवाले बाहेर. त्या मंडळींनी १८८३ साली चक्क क्लबचे नाव बदलून 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' केले. का? तर तीनचाकी चालवणाऱ्यांनाही सभासद होता यावे म्हणून! त्यांनी कोणाला मागून यायला सांगितले नाही, स्वतःच्या दारावरची पाटी बदलली. आणि ज्या हवेच्या टायरवर हे लोक वाऱ्याच्या वेगाने जातात, तो टायर १८८८ साली जॉन डनलॉप या पशुवैद्यांनी कोणत्या शर्यतपटूसाठी बनवला नव्हता. त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराची चाके होती आणि तो हादरे खात होता, म्हणून बापाने हवेची नळी गुंडाळून पाहिली. मुलाची तीनचाकी हसण्यावारी नेली असती, तर आज हे सगळे भरीव रबरावर हाडे खिळखिळी करत फिरले असते.

गिअरचेही तेच. आज ज्याच्या सायकलला गिअर नाहीत त्याच्याकडे हे लोक कीव करून पाहतात. पण फ्रान्सच्या सुप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत १९३७ पर्यंत स्पर्धकांना डिरेलर गिअर, म्हणजे चालता चालता चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर, वापरायला बंदी होती. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लहान-मोठ्या दातेरी चकत्या असत; चढावर चेन मोठ्या चकतीवर घ्यायची, तर उतरून मागचे चाक काढायचे आणि उलटे करून बसवायचे. गिअर म्हणजे दमलेल्यांची, वय झालेल्यांची सोय, असे शर्यतीच्या संस्थापकांचे मत होते. आज हेच बॅटरीबद्दल बोलले जाते. वास्तविक पॅडल मारले तरच मदत करणारी सायकल पॅडल थांबवले की मदत थांबवते. युरोपीय संघाच्या नियमात तर तासाला २५ किलोमीटर वेगाला मोटरची मदत थांबली, तरच ती सायकल धरली जाते. गुडघे दुखणारा माणूस त्या मदतीने चढ चढून कामावर जात असेल, तर त्यात लबाडी कोणती आणि फसवले कोणाला?

मडगार्डबद्दल एवढेच सांगतो. मागचे मडगार्ड स्वतःसाठी कमी आणि मागून येणाऱ्यासाठी जास्त असते. ओल्या रस्त्यावर ते काढून गटात शिरणारा माणूस मागच्याच्या तोंडावर चिखल उडवत जातो. ब्रिटनमधल्या कित्येक क्लबांत हिवाळी फेरीला मडगार्ड लावूनच यावे लागते. आणि कॅरियर? आपला अंक आजही अनेक घरी कॅरियरवर बांधून जातो, सूर्य उगवायच्या आत, रोज, सुट्टी न घेता. ती मुले खरे सायकलस्वार नाहीत असे आपल्याला म्हणायचे आहे का? या प्रश्नाचे उत्तर मला छापील हवे आहे.

जाता जाता आणखी एक. नव्या सायकल मार्गाचे आपण मोठे कौतुक छापले होते. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले आहेत. हेतू चांगला आहे. पण दोन खांबांमधले अंतर मी टेपने मोजले, ६८ सेंटीमीटर भरले. आमच्या तीनचाकीची मागची रुंदी ७५. पुढे पेटी लावलेली मालवाहू सायकल, मुलाला बसवायची जोडगाडी, हातांनी चालवायची अपंगांची सायकल, यातले बरेच काही तिथे अडेल. म्हणजे गटात जागा नाही, आणि मार्ग खास सायकलींसाठी बांधला, तर त्यातही शिरता येत नाही. संबंधित खात्याला मी दोन पत्रे लिहिली, पोचही आली नाही.

आपल्या प्रतिनिधीला एकदा त्या खांबांपाशी पाठवावे ही विनंती. कोणत्याही दिवशी सकाळी सातला मी येईन. टेप माझ्याकडे आहे. तीनचाकीही आणीन. तिला सोबत यायचे आहे का, हे आज संध्याकाळी विचारतो.

आपला,
एक जुना वाचक